तालुक्यातून नैरोबीकडे : ग्रामविकासात परदेशी काम शोधणाऱ्यांसाठी

आधी वाईट बातमी सांगून टाकते. १ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेचं काम थांबलं आणि जे उरलं ते तिथल्या परराष्ट्र खात्याकडे गेलं. १९६१ पासून जगभरातल्या शेती, पाणी, आरोग्याच्या प्रकल्पांना पैसा पुरवणारा एक मोठा हात आखडला. ब्रिटननेही २०२७ पर्यंत परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलंय. याचा तुमच्याशी संबंध असा, की आज तुम्ही ज्या जागेसाठी अर्ज कराल, तिथे पंधरा वर्षांचा अनुभव असलेला आणि नुकताच घरी बसवलेला माणूसही अर्ज करतोय.

तरीही दर निकालाच्या हंगामात पोरंपोरी विचारतातच, त्यामुळे एकदाच लिहून ठेवते. समाजकार्य, ग्रामीण व्यवस्थापन, कृषी किंवा अर्थशास्त्र यांतलं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपवलेल्यांसाठी हे आहे. मी पाच वर्षं मराठवाड्यात पाणलोट आणि बचत गटांच्या कामात होते, नंतर तीन वर्षं पश्चिम केनियात. माझं म्हणणं तेवढ्या शिदोरीवरचं आहे.

पायरी १ : पगार देतं कोण, ते समजून घ्या

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळा झेंडा आणि पांढरी गाडी असते. अन्न आणि शेतीचं काम बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांची मुख्यालयं रोममध्ये आहेत. १९४५ साली स्थापन झालेली एफएओ तांत्रिक सल्ला देते, जागतिक अन्न कार्यक्रम धान्य आणि रोख मदत पोहोचवतो, आणि १९७७ मध्ये सुरू झालेली इफाड सरकारांना ग्रामीण प्रकल्पांसाठी कर्ज देते. इफाडचं नाव ऐकलं नसेल, पण काम बहुधा पाहिलेलं असेल. माविमचा, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाचा, 'तेजस्विनी' कार्यक्रम २००७ पासून इफाडच्या साहाय्याने चालला, बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रं त्यातूनच गावोगाव उभी राहिली. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा राज्याचा प्रकल्प, पोकरा, जागतिक बँकेच्या कर्जावर आहे. नगर-मराठवाड्याकडच्या कितीतरी टेकड्यांवरचे समतल चर नाबार्डमार्फत आलेल्या जर्मन पैशातून खणले गेलेत. म्हणजे आंतरराष्ट्रीय ग्रामविकास तुमच्या कृषी सहायकाच्या टेबलावरच्या फायलीत आधीपासून आहे. ती फाईल वाचता येणं ही अर्धी तयारी.

यूएनखेरीज शेती संशोधनाची केंद्रं आहेत, जसं हैदराबादजवळ पतंचेरूला १९७२ पासून असलेलं इक्रिसॅट किंवा नैरोबीतलं पशुधनावर काम करणारं इलरी. केअर, ऑक्सफॅम यांसारख्या मोठ्या स्वयंसेवी संस्था आहेत. बांगलादेशात १९७२ मध्ये सुरू झालेली ब्रॅक आज आफ्रिकेतही काम करते. शिवाय दात्यांच्या निविदा भरून प्रकल्प चालवणाऱ्या सल्लागार कंपन्या आहेत. त्यांच्याकडे नवख्यांचं लक्ष जात नाही, पण प्रत्यक्ष माणसं नेमणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे.

पायरी २ : 'विकास' हा हुन्नर नाही

'ग्रामीण विकासात काम करायचंय' या वाक्याला परदेशात काही किंमत नाही, कारण तिथल्या तिथे ते म्हणणारे पदवीधर ढिगाने आहेत. आफ्रिकेतल्या कंपाला, नैरोबी, लिलाँग्वेच्या विद्यापीठांतून दरवर्षी हुशार मुलं बाहेर पडतात. त्यांना त्यांची भाषा येते, तुम्हाला येत नाही. मग विमानाचं तिकीट काढून तुम्हाला कशासाठी बोलवायचं? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर अजून अर्ज करू नका.

माझ्या ओळखीतला लातूरकडचा एक मुलगा आहे. घरची तूर, चुलता डाळ मिलवर. त्याने शिकताना तुरीचाच धागा धरला: ओलावा किती असला की आडत्या भाव पाडतो, मिलवाल्याला कसला दाणा लागतो, शेतकरी कंपनीने साठवण केली तर नफा नेमका कुठे गळतो. आता बघा, मोझांबिक, मलावी, टांझानिया या देशांत तूर पिकते आणि तिचं मोठं गिऱ्हाईक भारत आहे. मोझांबिकशी तर तूर खरेदीचा सरकारी करार २०१६ मध्येच झाला. भारताने आयातीचा नियम बदलला की तिकडच्या शेतकऱ्याच्या भावाला धक्का बसतो. त्या शेतकऱ्यांच्या प्रकल्पाला लातूरच्या बाजारात काय चालतं हे आतून माहीत असलेला माणूस हवाच असतो. दोन वर्षांपूर्वी त्याला मलावीत काम मिळालं. त्याच्या वर्गातल्या पहिल्या आलेल्या मुलीला नाही मिळालं, आणि ती त्याच्यापेक्षा हुशार आहे.

असे धागे आणखी आहेत. पाणलोटाचं गट नंबरनिहाय नियोजन, बचत गटांचा पतपुरवठा, कृत्रिम रेतन आणि दूध संकलन, गावपातळीवरचं आरोग्य. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ ही पशुपालनातली संस्था आणि जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेला आरोग्य प्रकल्प, दोन्हींकडे परदेशातले लोक शिकायला येत आले आहेत. तुम्ही एसटीने जाऊ शकता.

देखरेख आणि मूल्यमापन हाही हुन्नर आहे, आणि त्यातल्या जागा त्यातल्या त्यात जास्त निघतात. पण नुसती आकडेमोड शिकून आलेल्याला शिवार कळत नाही, हे मुलाखत घेणाऱ्यांना पाचव्या मिनिटाला समजतं.

पायरी ३ : एक तालुका, किमान दोन पावसाळे

लगेच दुसरी पदव्युत्तर पदवी घ्यायला पळू नका. जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती आहे, तीसुद्धा आधी दोन वर्षं काम करून या म्हणते. ती दोन-तीन वर्षं एका तालुक्यात घालवा. संस्था लहान असली तरी चालेल, पगार कमी असणारच. परकीय निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मोठी संस्था परदेशी पैसा लहान संस्थेकडे वळवू शकत नाही. त्यामुळे लहान संस्थेत शिरताना पगार नेमका कुठल्या निधीतून आणि किती महिने मिळणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या तालुक्यात काय करायचं? शिवारफेरीला तलाठ्याकडचा नकाशा हातात घेऊन जा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायी चाला. दहा-बारा विहिरी निवडा आणि दर महिन्याला त्याच तारखेला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा. कुणी सांगितलं नसलं तरी मोजा. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्र हे कागद स्वतः लिहायला शिका. पंचायत समितीत जो उपयोगिता प्रमाणपत्र विनातक्रार पास करून आणतो, त्याला दात्याचा तिमाही अहवाल अवघड जात नाही. संध्याकाळी कोबो टूलबॉक्सवर सर्वेक्षणाचा फॉर्म बनवायला आणि क्यूजीआयएसवर गावाचा नकाशा चढवायला शिका. दोन्ही फुकट आहेत.

आणि गावात मुक्काम करा. दिवसा भेटतात ती माणसं वेगळी, रात्री जेवणानंतर ओट्यावर बोलतात ती वेगळी.

एक प्रसंग सांगते, पुढे लागणार आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात आम्ही लोकसहभागातून नकाशा काढत होतो. देवळापुढच्या फरशीवर बायकांनी रांगोळीने सुरुवात केली: वेस, ओढा, शाळा, आणि गावाबाहेरच्या वस्तीवरचा एक हातपंप. दहा मिनिटांनी सरपंचांचे भाऊ आले, रांगोळीची वाटी हातात घेतली आणि नकाशा 'नीट' केला. रेषा सरळ, घरं मापात. हातपंप त्यात नव्हता. मी फोटो दुसऱ्या नकाशाचा काढला, कारण तो देखणा होता, आणि अहवालात तोच लावला. आराखड्यात वस्तीच्या वाट्याला काहीच आलं नाही. तो पंप वस्तीचं एकमेव पाणी होता आणि उन्हाळ्यात तो आटायचा, हे मला टँकर सुरू झाल्यावर कळलं. तेव्हापासून नकाशा चालू असताना मी जमिनीकडे कमी बघते, वाटी कुणाच्या हातात आहे ते जास्त.

पायरी ४ : कुठलं दार ठोठवायचं

यूएनमध्ये आंतरराष्ट्रीय पदांना साधारण असा हिशेब असतो: पी-२ या खालच्या श्रेणीला पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव, त्यावरच्या पी-३ ला पाच, पी-४ ला सात. प्रत्यक्ष गावांतल्या प्रकल्पांवर बहुतेक पी-३ च्या वरची माणसं दिसतात. म्हणजे पदवी हातात घेऊन थेट आत जायला जवळपास जागाच नाही. ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर म्हणून ज्या जागा दिसतात, त्यांचा खर्च बहुतेक श्रीमंत देश उचलतात आणि प्रामुख्याने आपलीच माणसं पाठवतात. भारतीय पासपोर्टवर त्यात वेळ घालवू नका. यूएनची यंग प्रोफेशनल्स परीक्षा ३२ वर्षांपर्यंत देता येते, पण त्या वर्षी कुठल्या देशांचे नागरिक पात्र आहेत याची यादी आधी बघा.

आपल्यासाठी खरी दारं मला तीन दिसतात. पहिलं, याच संस्थांच्या भारतातल्या कार्यालयांत किंवा त्यांच्या पैशावर चालणाऱ्या राज्य प्रकल्पांत देशांतर्गत कर्मचारी म्हणून लागणं आणि तिथून तीन-चार वर्षांनी बाहेर जाणं. हे सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत खात्रीचं. दुसरं, यूएन व्हॉलंटिअर्स. 'स्वयंसेवक' या शब्दावर जाऊ नका, राहण्या-जेवण्याचा भत्ता आणि विमा मिळतो, आणि परदेशात स्पेशलिस्ट म्हणून जायला वय २७ लागतं. मधली वर्षं तालुक्यात काढायला सांगते त्याचं हे एक कारण. तिसरं, भारतात काम शिकवून आफ्रिकेत नेणाऱ्या संस्था, संशोधन केंद्रं आणि सल्लागार कंपन्या. मी याच दारातून गेले. एका कंपनीला बचत गटांचे हिशेब तपासणारं कुणीतरी तीन महिन्यांसाठी हवं होतं, त्याचे पुढे तीन वर्षं झाले.

अल्पमुदतीच्या सल्लागार करारात एक मेख असते. दिवसाचा दर ऐकून डोळे दिपतात, पण त्यात ना भविष्यनिर्वाह निधी, ना पगारी रजा, आणि विमा बहुतेक वेळा आपला आपण काढायचा. वर्षातले किती दिवस खरोखर काम मिळणार याने गुणून मग घरी सांगा.

पायरी ५ : अर्ज आणि मुलाखत

जाहिराती रिलीफवेब, डेव्हेक्स, इम्पॅक्टपूल आणि संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर येतात. अर्जासाठी, परीक्षेसाठी किंवा व्हिसाच्या 'प्रक्रियेसाठी' पैसे मागणारा फसवतोय असं समजा. यूएनची कुठलीही संस्था उमेदवाराकडून फी घेत नाही.

महिन्याला चाळीस अर्ज टाकण्यापेक्षा तीन नीट लिहा. परवा एका मुलीच्या अर्जात ओळ होती: 'पाणलोट विकास प्रकल्पात क्षेत्रीय समन्वयक म्हणून सक्रिय सहभाग.' तिला अर्धा तास प्रश्न विचारले, तेव्हा ओळ अशी झाली: 'सात गावांत गट नंबरनिहाय आराखडे केले, ३६ विहिरींची पातळी दोन वर्षं दरमहा मोजली, दुसऱ्या वर्षी तीन गावांत मोजमापावरून रब्बीचं पीकनियोजन बदललं.' काम तेच. आधीच्या ओळीत ते कुणाचंही असू शकलं असतं.

मुलाखतीत प्रसंग विचारतात. मतभेद कसा सोडवला, चूक कधी झाली, हातात माहिती अपुरी असताना निर्णय कसा घेतला. इथे आपल्या लोकांची एक सवय नडते. आपण 'आम्ही' म्हणतो. आम्ही बैठक घेतली, आम्ही गट बांधले. घरच्या शिकवणीप्रमाणे 'मी' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. समोरचा मात्र प्रत्येक वेळी वहीत लिहितो: उमेदवाराने स्वतः काय केलं, स्पष्ट नाही. घरी आरशासमोर सराव करा, 'मी हिशेब तपासला, मला तफावत सापडली, मी अध्यक्षांना सांगितलं'. आठवडाभर जीभ अडखळते. मला 'चूक कधी झाली' असं विचारलं तेव्हा मी रांगोळीच्या वाटीची गोष्ट सांगितली, सगळी 'मी' लावून. नंतर कळलं की निवड त्या उत्तरावर झाली.

पायरी ६ : भाषा

इंग्रजी लिहिता आलं पाहिजे, हे सांगायला नको. छान बोलण्यापेक्षा दोन पानांचा अहवाल स्वच्छ लिहिणं जास्त कामाचं. त्यापलीकडे एक भाषा घ्या: पश्चिम आफ्रिकेसाठी फ्रेंच, मोझांबिकसाठी पोर्तुगीज, पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली. स्वाहिलीत काही शब्द आपल्याला ओळखीचेच भेटतात. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय', आणि चपातीला चपातीच. तुरीला 'म्बाझी' म्हणतात, तो तेवढा पाठ करावा लागतो.

पायरी ७ : कागद आणि लस

पदवीची प्रमाणपत्रं आधी राज्य पातळीवर साक्षांकित करून मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्या. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिसांचा दाखला घ्या. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं, पण ते पासपोर्टलाच जोडून ठेवा. केनिया, युगांडा, इथिओपियाहून परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात, आणि नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. बाकी मसाले वगैरे न्या हवे तितके, नैरोबीत सगळं मिळतं.

पायरी ८ : पहिले सहा महिने

मी केनियात पोहोचले तेव्हा मक्याच्या शेतात जांभळट-गुलाबी फुलांचं तण उभं होतं आणि शेतकरी हताश होऊन दाखवत होता. मी म्हटलं, अरे, हा तर टारफुला! आपल्याकडे ज्वारी-उसाच्या मुळांवर जगतो त्याचाच हा भाऊबंद. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. पण आपल्याकडचा उपाय तिथे चालणार नव्हता, आणि त्यांच्याकडे आधीच एक चांगला उपाय होता. नैरोबीच्या कीटक संशोधन केंद्राने, इसिपीने, रुजवलेली पद्धत: मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची चाऱ्याची वनस्पती आणि बांधाला नेपियर गवत. डेस्मोडियम टारफुल्याला वाढू देत नाही, खोडकिडीलाही हुसकावतं, आणि किडीचे पतंग बांधावरच्या गवताकडे जातात. वर जनावरांना चारा. शिकवायला गेलेली मी शिकत बसले.

हंगामही वेगळे. खरीप-रब्बी विसरा. लांबचा पाऊस मार्च ते मे, आखूड पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर.

मोठी चूक बचतीच्या गटात झाली. तिथल्या गटाकडे एक लोखंडी पेटी असते, तिला तीन कुलुपं आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. दर आठवड्याला सगळ्यांसमोर पेटी उघडते, पैसे मोठ्याने मोजतात, पासबुकात शेअरचे, म्हणजे बचतीच्या हिश्शाचे, शिक्के मारतात, त्यातूनच कर्जं देतात. केअरने नायजरमध्ये १९९१ ला सुरू केलेली ही पद्धत आता आफ्रिकाभर आहे. वर्ष संपलं की पेटी फुटते आणि व्याजासकट सगळे पैसे सगळ्यांना वाटून टाकतात. हे बघून मी कासावीस झाले. नाबार्डच्या १९९२ च्या प्रयोगापासून आपल्याकडे शिकवण एकच: गटाचं भांडवल वाढवा, बँकेशी जोडा, मोठं कर्ज घ्या. मी दुभाष्यामार्फत अर्धा तास समजावलं, की पैसे वाटू नका, बँकेत ठेवा.

एका वयस्कर बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, डिसेंबरात पेटी फुटते, जानेवारीत शाळा सुरू होते, फी तेव्हाच भरायची असते, आणि मार्चला पेरणी. बँक तालुक्याच्या गावी आहे, जायला-यायला बससाठी दिवस जातो. पेटी इथे आहे. तिने उठून कुलूप दाखवलं. बाकीच्या हसल्या, मीही हसले, पण कान लाल झाले होते.

म्हणून पहिले सहा महिने कुणाला काही शिकवू नका, असं मी नव्यांना सांगते. बाजाराच्या दिवशी बाजारात जा. चीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याच्या, बराझाला मागच्या बाकावर बसा, आपल्या ग्रामसभेसारखाच प्रकार असतो, कोण बोलतं आणि कोण बोलत नाही ते लिहून ठेवा. स्थानिक सहकाऱ्याचा पगार तुमच्यापेक्षा कमी असतो आणि त्याला ते माहीत असतं. त्याच्याशी वागताना हे विसरू नका, आणि अहवालावर त्याचं नाव घाला.

करार संपायच्या सहा महिने आधीपासून पुढचं शोधायला लागा. निधी थांबल्याचं पत्र बहुतेक वेळा महिनाभर आधी येतं, कधी तेवढंही नाही. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, परतीचं तिकीट कोण देणार हे करारात वाचून घ्या. माझ्या जागेवर माझ्याच टीममधली, कृषी पदवीधर स्थानिक मुलगी आली. हिशेबाची कामं तिला आधीच येत होती, भाषा तर तिचीच. मी तिला दोन आठवडे बसून सगळ्या फायली समजावल्या, पेट्यांची यादी दिली, आणि कुठल्या गटात तिसरी किल्ली हरवलीय तेही सांगितलं.